दोन दिवे, सहा दिवे

बाबा डियरबॉर्नला, फोर्डमध्ये, पत्र्याच्या प्रेसवर.
कॅझमामा फ्लिंटला, शेवरोलेत.
मधे साठेक मैल, आणि वाटेत फेंटन,
जिथे आजोबा राहायचे आणि
एक बदामी रॅम्बलर बाळगून होते.
तिला गाडी म्हणू नये,
एवढ्या एका मुद्द्यावर
या दोघा मेहुण्यांचं एकमत होतं.

रविवारी आजोबांच्या गवतावर
आमची चौसष्टची गॅलक्सी, फिकट निळी,
आणि त्यांची चौसष्टचीच इम्पाला, पिकल्या जांभळाच्या रंगाची,
नाकाला नाक लावून उभ्या.
एकदा टेप लावून मोजल्यासुद्धा.
इंचाचा फरक निघाला नाही.
मामा म्हणाला, टेप सैल आहे.
बाबा म्हणाले, टेप फ्लिंटची आहे.

आई आणि इरेना मामी
ओसरीवर बटाटे सोलत बसायच्या.
दोघींना गाडी चालवता येत नव्हती.
दोघींना तीनशे नव्वद आणि तीनशे सत्तावीस
हे इंजिनांचे आकडे मात्र तोंडपाठ,
नकोशा नातेवाइकांच्या दुखण्यांसारखे.

परतताना फेंटनच्या बाहेर, फाट्यापर्यंत, शर्यत.
तिला शर्यत म्हणायचं नाही, असा आईचा दंडक.
बाबांचा उजवा बूट हळूच खाली जायचा,
पुढच्या लांब बाकावर आम्ही तिघं भावंडं
वळणावर एकमेकांवर कलंडायचो,
उन्हात तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटलेलं,
तिकोनी काचेतून वाऱ्याची शीळ.
आणि मामा पुढे निघून गेलाच
तर बाबा म्हणायचे,
जाऊ दे, पेट्रोल त्याचं.

आता कबूल करते, त्रेसष्ट वर्षांची झाले आहे:
मला तो पुढे गेलेला आवडायचा.
आमच्या गाडीला मागे दोनच दिवे,
मोठे, गोल, ताटलीएवढे, प्रामाणिक.
इम्पालाला सहा. तीन इकडे, तीन तिकडे.
अंधार पडत असताना ते सहा लाल ठिपके
एकदम पेटायचे, फाट्यापाशी,
आणि मी घरच्या मिठाशी बेइमान व्हायचे.
बाबांना कधी सांगितलं नाही.

मीठ म्हटलं की आठवतं,
दोघेही खाल्ल्या मिठाला जागणारे.
बाबांनी शेजाऱ्याच्या ब्यूकला धक्का मारायलाही नकार दिला होता.
पण मिशिगनचं मीठ वेगळं.
ते डिसेंबरपासून रस्त्यावर पडतं, बर्फावर,
आणि खालून, न बोलता, कंपनी न विचारता
दाराच्या कडा खात जातं.
सत्तरपर्यंत दोघींच्या चाकांवर
सारखीच तपकिरी झालर.
त्याबद्दल कुणी विनोद केला नाही.

बाबा एकाहत्तरच्या मार्चात गेले.
प्रेसपाशीच, दुपारच्या पाळीत.

शववाहिनीच्या मागे आमची गाडी कोण नेणार,
हे कुणी विचारायच्या आत
मामाने आईच्या हातातून किल्ली घेतली.
फोर्डची किल्ली. मी त्याची बोटं बघत होते.

बाबा सहा फूट दोन इंच.
मामा जेमतेम साडेपाच.
सीट बाबांच्या मापाने मागे सरकवलेली.
मामाने ती पुढे ओढली नाही.
पाय ताणून, काठावर बसून,
बुटाच्या टोकाने पेडल दाबत
तो सगळा रस्ता चालवत राहिला,
लहान मुलाने वडिलांचा कोट घातल्यासारखा.

मी मागे वळून पाहिलं.
इम्पाला येत होती, मामीचा भाऊ चालवत होता.
इतकी वर्षं मी तिचे दिवे मोजले,
समोरून येताना तिला
त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.
ती आमच्याइतकीच हळू चालली होती.

दफनभूमीच्या फाटकाशी मामाने ब्रेक दाबला,
इंजिन बंद केलं नाही.
थोडा वेळ तसाच बसला, हीटरवर हात धरून.
मग म्हणाला, कुणालाच नाही,
गरम चांगली होते ही.