फक्त

वरची खोली रिकामी झाली तेव्हा
मी मजकूर लिहून नेला रास्ता पेठेत,
याकूब पेंटरांकडे.
खोली भाड्याने देणे आहे.
फक्त शाकाहारी. फक्त कुटुंब.
फक्त आपल्यातले.
दर अक्षरावर, पत्र्याचे वेगळे.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाचलं,
पट्टीने पत्रा मोजत म्हणाले,
"वहिनी, दोन फुटांत तीन 'फक्त' बसवायचे
तर 'खोली' बारीक होईल.
रस्त्यावरून दिसणारच नाही."
आवाजात राग नाही, चिमटा नाही.
शिंप्याने सांगावं तसं :
कापड पुरणार नाही.

मी स्टुलावर बसून राहिले.
भिंतीला मंडळाचा फलक टेकलेला,
त्यामागे चर्चच्या जत्रेचा, जैन खानावळीचा,
आणि एक हिरवा पत्रा, उजवीकडून लिहिलेला,
अजून ओला.
असे फलक साठ वर्षं बघत आले आहे नाना पेठेतून जाताना.
वाटायचं, काहीतरी धर्माचं असणार,
नाहीतर आपल्याविरुद्ध.
पहिल्यांदाच विचारलं, काय लिहिलंय?
"शाळेची पालकसभा. शनिवारी चार वाजता.
येताना प्रगतिपुस्तक आणा."

टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढली मी.
सुरुवातीला बोर्डावर होते,
हडपसरचं भवानी पेठेला, कॅम्पातलं थेट नागपूरला,
कुणाचंही कुणाशी जोडून द्यायचे.
पिन खोचण्याआधी
आडनाव विचारल्याचं आठवत नाही.

दोन 'फक्त' तिथेच खोडले.
तिसऱ्याला रात्र लागली.
सकाळी फोन करून सांगितलं, तोही नको.
ते म्हणाले, "बरं," आणि
"हिशेबात कमी करतो."

नवव्या दिवशी जिना चढून आली
हॉस्पिटलातली नर्स, बूट हातात घेऊन.
नाव? लालरेमपुई.
आडनाव?
"आमच्या मिझोराममध्ये नसतं, आंटी."
नसतं म्हणजे?
"नसतंच."
मग कळतं कसं?
"काय?"

पेन तसंच राहिलं हातात.
माझ्या आजोळी एक आड होता.
कुणी थेट दोर सोडायचं,
कुणी लांब उभं राहायचं घागर घेऊन,
ओतेल कोणी म्हणून.
त्या आडाचा आणि आडनावाचा
व्याकरणात काही संबंध नसेल.
मी रकाना मोकळा ठेवला.
पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, भरावाच लागतो,
तेव्हा तिथे एक आडवी रेघ मारली,
आणि रेघ चालली.

पहिल्या आठवड्यात मी खिडक्या लावून घेतल्या.
दुसऱ्या आठवड्यात वर जाऊन विचारलं,
हा वास कसला?
सोयाबीन. आंबवलेलं. बेकांग म्हणतात.
चमचाभर दिलं.
आवडलं नाही, खोटं कशाला सांगू.
तिने माझं अळूचं फदफदं खाऊन
जो चेहरा केला
तो आठवून मला अजून हसू येतं.
भात मात्र दोघींनी सारखाच वाढून घेतला.

शेजारचे करंदीकर परवा फाटकाशी थांबले.
"वर कोण ठेवलंय? कुठली आहे? खाते काय?"
लालरेमपुईला विचारा, म्हटलं,
संध्याकाळी सात नंतर असते.
ते गेले नाहीत अजून.
पण काल त्यांची नात गेली होती,
तासभर.

पाटी काढून माळ्यावर ठेवली आहे.
पत्र्याची एक कड गंजली, रंग धरून आहे.
'फक्त'ची जागा मोकळी सुटली म्हणून
याकूबभाईंनी अक्षरं वीतभर काढली होती.
माळ्याच्या अंधारात,
खालूनसुद्धा,
खोली
वाचता येते.