हिरवा चार

धायरी फाट्याच्या पेट्रोल पंपाला लागून,
हवा भरायच्या नळाच्या पलीकडे
माझी ओम्नी उभी असते. आत मी, मशीन, प्रिंटर,
पाण्याची बाटली,
आणि गंजक्या टपाच्या भोकातून येणारा उन्हाचा रुपया.
दुपारी दीडला तो बरोब्बर कीबोर्डवर असतो.

नळी घालायची. रेज द्या. अजून द्या. बास.
नंबरप्लेटचा फोटो. पन्नास रुपये. सुट्टे आहेत का?
एकोणीस वर्षं
मी पुण्याला पाठीमागून ओळखतो.
तोंडं लक्षात राहत नाहीत,
पण पोंक्षे काकांची स्कूटर पहिल्या किकला
कुठल्या सुरात खोकते, ते झोपेतही सांगेन.

ऋजुता, माझी भाची, स्टुटगार्टला असते.
तिने जुनी गाडी घेतली, करडी,
आणि फोटो पाठवला नुसत्या काचेचा.
खालच्या कोपऱ्यात हिरवा गोल, पुरीएवढा.
त्यात काळा चार.
खाली पांढऱ्या पट्टीत गाडीचा नंबर,
चक्क पेनाने लिहिलेला, किराण्याच्या यादीसारखा.
‘मामा, हा नसेल तर शहरात शिरायचं नाही. दंड.’

मी विचारलं, नळी किती आत घालतात?
म्हणाली, ह्याला नळी नाही.
धुराची परीक्षा वेगळी असते, ती वेगळ्या दिवशी.
ह्याला फक्त गाडीचा कागद.
कागदावर तिचा वर्ग असतो, जन्मापासून ठरलेला.
चार म्हणजे हिरवा, तीन पिवळा, दोन लाल.
आणि एक नंबर?
‘एक नंबरवाल्यांना काहीच मिळत नाही, मामा.’

इथे आम्ही धूर बघून कागद देतो,
तिथे कागद बघून,
असं काहीतरी मोठं बोलणार होतो मी,
पण मध्येच तो टेम्पोवाला आठवला.
गाडी सासवडला, माणूस माझ्या खिडकीत,
मोबाईलवर गाडीचा नुसता पाठीमागचा फोटो:
‘होईल ना काम?’
काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.
त्या आठवड्यात धाकटीच्या क्लासची फी होती.

डिसेंबरात ऋजुता आली.
नको नको म्हणताना तासभर बसली व्हॅनमध्ये.
नेमका छोटा हत्ती लागला तेव्हाच, डिझेल,
ड्रायव्हरने दणकून पाय दिला
आणि आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो.
धुरातून आवाज आला,
‘मामा, तुमच्या छातीवर कितवा चिकटवतील?’
धूर गेला तेव्हा ती हसत होती.
मग नव्हती.
मी म्हटलं, एक नंबर आहे गं तुझा मामा.

जाताना मागून घेतलं: गाडी विकशील तेव्हा
तो गोल मला पाठव.
‘तो निघत नाही. ओढला की फाटतो.
एकीचा दुसरीला लावता येऊ नये म्हणून.’
तरी मार्चात पाकीट आलं.
फुटक्या बांगडीसारखे तुकडे,
पुठ्ठ्यावर जुळवून, चिमट्याने चिकटवलेले.
चाराचा पाय गेलेला.
पट्टीवरची शाई उन्हाने खाल्लेली,
एक एस तेवढा उरला होता.

लावला मी. ओम्नीच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात,
लिंबू-मिरचीच्या शेजारी.

परवा नवले पुलाखाली लोणकर हवालदाराने अडवलं.
‘हे काय? सोसायटीचा पास?’
नाही साहेब, स्टुटगार्टात शिरायची परवानगी.
त्याने गोल बघितला, सायलेन्सर बघितला,
मला बघितलं.
‘आधी कात्रजचा घाट चढू द्या तिला,’ म्हणाला.
वही मिटली,
गाडी सोडता सोडता सहज विचारलं,
‘पीयूसी आहे ना?’

अकरा दिवसांपूर्वी संपली होती.
मी मागे वळून मशीनकडे बघितलं.