एकशे बारानंतर

दर दुसऱ्या गुरुवारी वाचनालयाची गाडी
ब्लायनायच्या चढावर धापा टाकत यायची.
तिच्या खालच्या फळीवर, बागकामाच्या पुस्तकांत चुकून घुसलेलं
ते पुस्तक होतं. कव्हर नाही. पाठीला चिकटपट्टी.
एका मुलीचं, एका शिंगाच्या बोकडाचं,
आणि डोंगराच्या पोटातल्या तळ्याचं.

आमचा डोंगरही पोकळच. पणज्यांनी तो आतून खाल्ला,
पाट्या काढकाढून जगाच्या छपरांवर घातला.
त्यामुळे इव्होरला आणि मला नवल असं वाटलं नाही;
बोकड तेवढा अजून दिसला नव्हता.

एकशे बारावं पान संपतं तिथे बोकड तोंड उघडतो.
त्यापुढे एकशे पंधरा.
मधलं पान कुणीतरी काढलेलं, मुळापासून, नीट,
दुधाचा दात काढावा तसं.
आणि एकशे पंधराची पहिली ओळ:
मग ते तिघं काही न बोलता पुलावरून निघाले.

तिघं?
मुलगी एक, बोकड दोन.
तिसरा पलीकडे पोचल्यावर मागे वळतो, हात हलवतो,
आणि उरलेल्या पानांत पुन्हा कुठे येतच नाही.
मी म्हणाले, तो गंजाचा राजा, वेष पालटून आलेला.
इव्होर नऊ वर्षांचा. पांघरुणाखालून म्हणाला,
बाबा आहेत ते.
लिव्हरपूलला गेलेल्या माणसाबद्दल आमच्या घरात
त्या वर्षी बोललं गेलेलं हे एवढंच वाक्य.

पुढे दुकानात अख्खं पुस्तक मिळायचं.
किती वेळा हातात घेतलं, आणि ठेवून दिलं.

आणि आता सिनेमा.
झलक पहाटे चारला बेकरीत पाहिली, पिठाच्या बोटांनी,
भट्टी तापेपर्यंत सात वेळा.
तळं आलं तेव्हा, खोटं का बोलू, अंगावर काटा आला.
तेच काळं पाणी, तोच एकुलता दिवा,
माझ्या डोक्यात शिरून कुणी मापं घेऊन गेल्यासारखा.
मग बोकड बोलला.
विमा विकणाऱ्या माणसासारखा बोलला.
ॲबरडीनहून इव्होरचा निरोप: शिंगं दोन दिलीत गं मेल्यांनी!
पाठोपाठ दुसरा: तिकिटं काढ.

पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि झोप उडाली कशाने, तर याने.
आम्ही पाटीच्या गावची माणसं, आम्हाला ठाऊक आहे,
पाटी पुसायला थुंकीचा एक थेंब पुरतो.
उद्या पडद्यावर तिसरा म्हणून कुणी देखणा नट उभा राहिला
तर एका पोराने अंधारात काढलेला चेहरा
जाईल कुठे?
आणि तरी कॅलेंडरवर फुल्या मारत होते, दोन महिने,
शाळा सुटायची वाट पाहावी तशी.

लँडिडनोचं थिएटर. पोरांची ही गर्दी,
मांडीवर नव्या छापाची पुस्तकं, कव्हरवर दोन शिंगं.
इव्होरचे गुडघे पुढच्या खुर्चीत अडकलेले.
तासाभराने बोकडाने तोंड उघडलं.
इव्होरने माझं मनगट धरलं.
आणि धडाम! दगड, धूर, ढोल,
पूल कोसळतोय, पुलावरून पळतायत
मुलगी. बोकड.
बस.

"तिसरा कुठाय?"
भर थिएटरात, मोठ्याने, माझा भाऊ.
पुढच्या रांगेतली चिमुरडी वळली, ओठांवर बोट ठेवलं.
मग पडद्याकडे पाहून
तीही बोटांवर मोजू लागली.

बाहेर समुद्राचा वारा. तो गप्प, मीही.
सिनेमा वाईट नव्हता. तळं तर काय सांगू,
पण ते सांगायचं राहूनच गेलं.
गाडीशी आल्यावर त्याने मागचं दार उघडलं,
जरा वेळ धरून ठेवलं,
मग हलकेच लावलं.
कोट ठेवत होतो, म्हणाला.
कोट त्याच्या अंगातच होता.