बेचाळीस अक्षरं

रात्री पावणेदोनला ऐरोलीत
त्यांची दुपार नुकती कलत असते.
महासागराच्या अलीकडचा एक, पलीकडची एक,
अलीकडचं कोण, ते आपण कुठे उभे आहोत त्यावर.
मागे झेंडे, पुढे पाण्याचे दोन पेले,
आणि सातव्या मजल्यावर मी, कानांना हेडफोन,
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्रेचाळिसावं चालत नाही,
दोन परराष्ट्रमंत्र्यांची मैत्री मराठीत बसवते आहे.

पहिल्याच शब्दाला अडते.
‘मित्रराष्ट्र’ बरोबर आहे, कडक इस्त्रीचा,
पण त्यात कुणी राहत असेल असं वाटत नाही.
‘दोस्त’ लिहिलं तर ग्लॅडिस म्हणते, पानटपरी आहे का ही?
‘सोबती’ म्हटलं की दोघं एकदम म्हातारे होतात,
बागेतल्या बाकावर जाऊन बसतात.
‘भिडू’ खोडताना मला खरंच वाईट वाटलं.

ती म्हणते, आमचं नातं अभेद्य आहे.
तो म्हणतो, खडकासारखं.
मी खडक लिहिते,
आणि आमच्या खाडीतला तो खडक आठवतो
ज्यावर पोशाकाकाची होडी फुटली.
तरी लिहून टाकते.
आपली खाडी मध्ये आणायची नाही,
एवढं या नोकरीत पहिल्या आठवड्यातच शिकवतात.

मग कुणीतरी पोलादावरच्या जकातीचं विचारतं.

चार सेकंद.
तो पेल्याकडे बघतो, ती त्याच्याकडे.
चार सेकंदांना अक्षरं किती लागतात
हे नियमावलीत नाही.

दिवागावचा पोशाकाका आणि पैल कोपरीचा जनू वैती
यांची एक डोल होती, सामाईक.
भरतीचं याचं, ओहोटीचं त्याचं. कागद नाही, साक्षीदार पाणी.
एका वर्षी खुंट दोन हात सरकला,
कुणी सरकवला की खाडीनंच, देव जाणे,
तेवढ्यावरून अकरा महिने
दोन्ही काठ आपापल्या बाजूला खोकत राहिले.
मग काका एका सकाळी वल्हवत गेला.
सोबत ना पंच, ना पेढे,
सुई आणि नायलॉनचं रीळ.
जनूच्या ओट्यावर बसला
आणि त्याचंच फाटकं जाळं सांधायला घेतलं.
जनू घरात. दार लोटलेलं.
दुपारी वनाबाईनं चहा ठेवला, दोन कप.
दुसरा कप पार निवल्यावर तो बाहेर आला, म्हणाला,
“गाठ ढिली मारतंस.”

खुंट काही जुन्या जागी गेला नाही.
तिसरीकडेच ठोकला.
तिथे मासळी कमी लागायची,
हे काका सांगायचा तेव्हा हसायचा नाही.

पडद्यावर तो घसा खाकरतो:
आमच्यात मतभेद आहेत, पण.
त्या ‘पण’पाशीच माझी अक्षरं संपतात.
खालच्या ओळीत ढकलते.
क्षणभर, अख्ख्या महाराष्ट्रासाठी,
पडद्यावर नुसतेच मतभेद आहेत.
तेवढ्यात ती त्याच्या पेल्यात पाणी ओतते.
भाषणात हे नव्हतं. कॅमेराही उशिरा वळतो,
सांडलेले दोन थेंब तेवढे सापडतात त्याला.

पावणेचारला शेवटचं वाक्य उरतं:
भागीदारी अधिक ‘घट्ट’ करण्यावर एकमत.
ग्लॅडिस म्हणते, घट्ट काय, दही आहे?
मी म्हणते, गाठ.
ती माझ्याकडे बघते, जांभई देते, ‘दृढ’ करते.
सीनियर आहे. फाइल जाते.

काचेपलीकडे खाडी, भरतीची वेळ.
मुलुंडचे दिवे पाण्यात अर्ध्यापर्यंत येतात.
आपलेही.
मधला पट्टा काळाच,
आणि तिथे, एवढ्या रात्री,
एक होडी, बहुतेक, कारण काहीतरी हलतंय.