पेटी सोपवताना

निनाद, आधी प्लग काढ.
मग बटण दाबून धर, दहा आकडे मोजेपर्यंत.
बंद केलं म्हणून वीज लगेच जात नसते,
कुठेतरी दडून बसते.
मग पत्र्याला हात लाव. थंडीत तर लावच.
डिसेंबरात या फहाहीलच्या खोलीत
बस्त्यावकाकाच्या रगाला नुसता खेटलास
तरी बोटातून ठिणगी उडते.
तसल्याच एका ठिणगीत माझी पहिली रॅम गेली.
अकरा दिनार.

आता झाकण. तीनच स्क्रू आहेत,
चौथा शोधू नकोस.

धूळ बघ. आपल्या चिपळूणची नव्हे ही,
तोझ म्हणतात हिला, मैद्याहून बारीक.
खिडकी बंद, दाराखाली ओला टॉवेल,
तरी सकाळी दातांत कचकचते.
पंख्यात काडी अडकव, मगच फुंकणी मार.
आणि ते गच्चीवर जाऊन कर,
काका रात्रपाळीहून येऊन झोपलेला असतो.

पंख्याखालची पेस्ट दोन वर्षांनी वाळते.
जुनी नीट पुसून काढ, नवी लाव
तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.
मी पहिल्यांदा खुबूसवर लोणी फासावं तशी फासली होती.
हवल्लीचा अबू नवार हसला नाही,
कापूस दिला, म्हणाला, पूस.
बोर्डाखाली पितळी खुंट्या लागतात
हेही त्यानेच सांगितलं,
तोवर मी बोर्ड सरळ पत्र्यावर निजवला होता.

स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नकोस.
वायर कुठे लावलीयस ते बघ:
ग्राफिक कार्डाला, बोर्डाला नव्हे.
या एका गोष्टीपायी माझे चार शुक्रवार गेले.
एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या
तर कार्ड सैल आहे.
तीन आखूड आल्या तर रॅम.
काढ, सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरव,
परत बसव, दोन्ही कानांनी कट् ऐकू येईपर्यंत.
जोर लागतो. मोडेल असं वाटतं.
मोडत नाही.

आणि हे मात्र नीट ऐक.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
एक बदल, चालू कर, बघ. मग दुसरी.
मी एका वर्षात कंपनी बदलली, खोली बदलली,
मोबाईलचा नंबरही बदलला,
आणि नंतर घरून फोन येईनासे झाले तेव्हा
बिघाड कशातला
ते आजवर सापडलेलं नाही.

घड्याळ मागे पडतं याचं.
प्लग काढला की एक जानेवारी दोन हजार अकरा.
आतली बटणाएवढी बॅटरी गेलीय,
कुठल्याही बकाल्यात मिळते, पाव दिनारही नाही.
तारीख चुकली की बँकेचं पान उघडत नाही,
घरी पैसे जात नाहीत.
मी दर वेळी हातानेच तारीख लावत आलो.
का, ते विचारू नकोस. तू बॅटरी घाल.

हलव्याच्या डब्यात स्क्रू आहेत, एक दोरी,
एक वायर जी कशाची ते मलाही माहीत नाही.
असू दे.
आणि हो, जुनी डिस्क कुरकुरायला लागलीय,
महत्त्वाचं काही तिच्यात ठेवू नकोस.
माझं होतं ते काढून घेतलंय,
बहुतेक.

पैसे नकोत. विमानात तेवीस किलोच नेता येतात,
त्यात आठ किलो खजूर झालाय.
काकाला माळा चढताना आधार देत जा,
तो मागणार नाही.

पासवर्ड आमच्या गावचा पिनकोड आहे,
मागे शून्य आठ.
तो मात्र आज रात्रीच बदल.