कॅरेट

पावणेचार फेऱ्या. पंधराशे मीटर.
तिसऱ्या फेरीत माझे पाय
मातीशी बोलत बसायचे.

सावद्याच्या मैदानावर फेगडे सर
बाभळीखाली उकिडवे,
स्टॉपवॉचला दोरी सुतळीची.
म्हणाले, "जुलेखा, दम आहे तुझ्यात.
तापीच्या पुलापर्यंत जाऊन येतेस,
वर शिट्टी वाजवतेस.
पण पाऊल टेकलं की तू तिथं पाहुणी होतेस,
चहा घेऊनच उठतेस."

बापाच्या वखारीतून केळीची रिकामी कॅरेटं आणली,
सहा, पालथी, दोन हात अंतरावर.
उतरायचं नाही.
पडायचं, आणि पडता पडताच उडायचं.
"जमीन तापलीय असं समज," सर म्हणाले.
एप्रिल होता. रावेर तालुका होता.
समजायचं काय त्यात?

लहानपणी भर दुपारी अनवाणी
डांबरी ओलांडून बर्फाचा गोळा आणायला जायचे,
ते पाय आठवले,
टेकण्याआधीच निघालेले.

मंगळवारी आणि शुक्रवारी उड्या.
उड्यांनी पोटऱ्या दगड झाल्या की लगेच
चारशेच्या सहा.
बाकीचे दिवस नुसतं लांब, केळीच्या बागांच्या कडेनं,
जिथं पाटाच्या पाण्यात रात्र अजून थंड असते.
आई म्हणाली, "काय व पोरी, माकड होऊन राह्यली का?"
खाली बसताना मी भिंत धरायचे.
तीन आठवडे वेळ हलली नाही,
उलट सेकंदभर वाढलीच.
सर काही बोलले नाहीत,
सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

जळगावला शर्यत. तिसरी फेरी.
पुढच्या मुलींची पावलं ऐकू यायची,
थप, थप, ओली गोणी टाकल्यासारखी.
माझी ऐकूच येईनात.
वाटलं, थांबले की काय मी!
टाचेवरची ती शीर
दिलेलं सगळं परत करत होती,
जागच्या जागी, रोख.
छाती तीच. हवाही तीच, भट्टीची.
फक्त पाऊल आता
छातीकडे उधार मागत नव्हतं.

चौथी आले.
आधीपेक्षा अकरा सेकंद कमी.
सरांनी घड्याळ दोनदा हलवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वखारीला गाडी लागलेली.
बाप कॅरेटं भरत होता.
एक तळाशी तडकलेलं,
माझ्या टाचेनं.
त्यानं ते बाजूला नाही काढलं.
फटीवरून बोट फिरवलं,
आणि त्यात
जरा हलकी फणी ठेवली.