तांब्या यादीत नव्हता

कॉव्हेंट्रीत, टायरच्या दुकानाला लागून,
जुन्या चॅपेलमध्ये आता गणपती बसतो.
दारावरचं येशूचं वचन रंगाखालून अजून वाचता येतं,
भिंत ओली असली की जास्तच.

मी कौन्सिलची. जिथं चार माणसं जेवतात
तिथं न कळवता जायचं, हे माझं काम.
मंदाताई खासनीस स्वयंपाकघराच्या दारात,
ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला.
“इथं अंघोळीशिवाय कुणी पाऊल टाकत नाही हो,
घाण येईल कुठून?”

मी बूट काढले. केस जाळीत कोंबले.
आमच्या खात्याचंही एक सोवळं असतं:
अंगठी नको, नखं नकोत,
बोट कापलं असेल तर पट्टी निळी,
अन्नात पडली तर लगेच ओळखू यावी म्हणून.
माझा दुसरा दिवस होता.
फॉर्मवर ते विचारत नाहीत.

फ्रिज: अकरा अंश.
चटणी: तारीख नाही.
फळीच्या हिरवट चिरांतून काडी फिरवली,
पंधरा सेकंदांनी मीटर म्हणाला तीनशे बारा.
तिसाच्या आत हवं.
मंदाताई आकड्याकडे बघत राहिल्या,
मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे.
“गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”
“सांगोल्याजवळ.”
“असं होय.”

आणि देवाच्या पाण्याचा तांब्या
ओट्यावर टीचभर आत गेला.

विटाळ टाळला, की माझ्या पेटीला जागा केली?
माझ्या आईनं नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं.
मी इथंच शिकले, वाढले,
मला मीटर लागतो.

नवी काडी फोडली.
तांब्या यादीत नव्हता. तांब्या कुणी तपासत नाही.
काठावरून, गळ्याखालून, आतून फिरवली
आणि त्या पंधरा सेकंदांत
ज्याला मी मानत नाही त्या देवाला म्हटलं,
येऊ दे. पाचशे येऊ दे. हजार.

चार.

चिंचेनं घासलेला तांबूस गोल,
त्यात माझं जाळीतलं डोकं, फुगलेलं.
कान तापले माझे.
ह्याला काडी नसते. कुठल्या चिरेत फिरवणार?

“चार म्हणजे नापास का?”
“नाही. फार चांगलं.”
“देवाची कृपा,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून
त्याच तांब्यातून पेला भरला,
पुढे केला. “लांबून आलात. घ्या.”

“आम्हाला काही घ्यायचं नसतं,” मी म्हटलं, “नियम आहे.”
नियम आहे. खरंच आहे.
त्यांचा हात तसाच राहिला थोडा वेळ,
पेल्यात पाणी हललं, थांबलं.
आता त्यांनाही कधी कळणार नाही.

फळी बदला, मी लिहिलं. फ्रिज पाच अंशांवर ठेवा.
पुन्हा तपासणी: तीन महिन्यांनी.
बाहेर बूट घालताना नाडीची गाठ बसेना.